चढावर गाडीचे पाणी

संगीताच्या शिक्षकाने मोटारीच्या रेडिएटरवर लेख लिहावा, हे या पानाच्या वाचकांना थोडे चमत्कारिक वाटेल. परंतु आपल्या इंदुरात अशी बरीच जुनी घरे आहेत, की ज्यांना वर्षातून एकदा तरी पोरेबाळे आणि सामानसुमान घेऊन विंध्याचा घाट उतरून नर्मदेकाठी जावे लागते. कोणाचे कुलाचार असतात, कोणाची कीर्तने, कोणाचे गाणे. गाडीमागे ट्रेलर जोडण्याची सोय आता होऊ लागली आहे, आणि ट्रेलर आला की गराजवाला पहिला सल्ला देतो तो मोठा रेडिएटर बसविण्याचा. हा सल्ला घ्यावा की नाही, याचा निर्णय आम्हाला करावा लागला. तो करताना जे कळले ते सांगण्यासारखे आहे, म्हणून हा प्रपंच.

आमचे प्रकरण असे. ३१ मे हा देवी अहिल्याबाईंचा जन्मदिवस. त्या दिवशी महेश्वरी आपली हजेरी लागावी, ही माझ्या वडिलांची इच्छा. ते होळकर दरबारात अगदी कोवळ्या वयात रुजू झाले होते; १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले तेव्हा त्यांना मिसरूड फुटले नव्हते, आणि मी त्यांच्या पन्नाशीनंतरचा. दरबार गेला तरी हजेरीची सवय गेली नाही. ती आता माझ्या वर्गातील मुले चालवितात. मुले सहा-सात, तंबोरे दोन, पेटी, दोन तबलाजोड्या. एवढे जीपमध्ये मावत असे. पण अलीकडे घडीचा मंच, सतरंज्या, ध्वनिक्षेपकाचे खोके, बॅटरी आणि पाण्याचे पिंप यांची भर पडली, आणि एका पालकांनी आपला दोन चाकी ट्रेलर देऊ केला. ट्रेलर हेही कायद्याने वाहनच असल्यामुळे त्याची स्वतंत्र नोंदणी लागते. ती त्यांची होती. जीप आमची, जुनी, डिझेलवर चालणारी, दुसऱ्याकडून घेतलेली.

गराजवाल्या मिस्त्रींनी बोनेट उघडले, रेडिएटरकडे एकवार पाहिले आणि निकाल दिला : "मास्साब, यह नहीं चलेगा. फोर कोर लगवा लो." म्हणजे ज्यात पाण्याच्या नळ्यांच्या दोन ओळी आहेत तो काढावा आणि चार ओळींचा जाड रेडिएटर बसवावा. किंमत माझ्या वर्गाच्या दोन महिन्यांच्या फीएवढी. माझा धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, पैशाचं काय घेऊन बसलास? दुसऱ्यांची पोरं बरोबर असतात. रात्री घाटात गाडी वाफाळून उभी राहिली, मागून ट्रक आला, तर काय करशील?" हे बोलणे खोडून काढण्यासारखे नव्हते. खरा प्रश्न पैशाचा नव्हताच. मुले सुखरूप परत येण्याचा होता.

आमच्या शेजारी एक काका राहतात. आयुष्यभर रेल्वेच्या कारखान्यात डिझेल इंजिनांशी झुंजून निवृत्त झालेले. त्यांना विचारले तर ते म्हणाले, "अरे, तू मुलाला आवाज लागत नाही म्हणून लगेच पेटी बदलतोस का? आधी मोज, मग बोलू." पुढचे सगळे त्यांच्या या 'आधी मोज'मधून निघाले.

मोजायचे काय, हे समजण्यासाठी इंजिनाचा हिशेब थोडा पाहिला पाहिजे. जळलेल्या डिझेलमधील शक्तीचे ढोबळ मानाने तीन वाटे होतात. एक वाटा चाकांकडे जातो, एक धुराबरोबर मागच्या नळीतून निघून जातो, आणि सुमारे तेवढाच एक वाटा इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यात उतरतो. हा तिसरा वाटा हवेत सोडून देणे एवढेच रेडिएटरचे काम. म्हणजे चाकांना जेवढे श्रम अधिक, तेवढे पाणी अधिक तापणार.

आता घाट घ्या. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच, महेश्वर दीडशेच्या आसपास. जामघाटाचा माथा, जेथे अहिल्याबाईंच्या काळचा जामदरवाजा उभा आहे, तो तर इंदूरहूनही उंच. याचा अर्थ जाताना सगळा उतार आणि येताना सगळा चढ. जीप माणसांसह २,००० किलो आणि ट्रेलर सामानासह ७०० किलो धरला, शंभर मीटरला सहा मीटर असा चढ धरला आणि वेग ताशी ३० किलोमीटर धरला, तर इंजिनाला सुमारे २० किलोवॉट द्यावे लागतात. तितकीच उष्णता पाण्यात उतरते. स्नानघरातील दोन किलोवॉटचे दहा गिझर एकदम लावावेत आणि त्यांचे सर्व ऊन पाणी त्या दोन हात रुंदीच्या जाळीने निववावे, असे ते काम आहे. ट्रेलर नसता तर हाच आकडा १५ किलोवॉट असता. ट्रेलरने एकतृतीयांश भर घातली, म्हणजे गराजवाले मिस्त्री अगदीच हवेत बोलत नव्हते.

पण या हिशेबात एक गंमत आहे. उष्णता नुसत्या वजनावर ठरत नाही, वेगावरही ठरते. तेच वजन त्याच चढावर ताशी २२ किलोमीटरने नेले, तर दर सेकंदाला निघणारी उष्णता ट्रेलर नसताना ३० च्या वेगाने निघत होती तेवढीच राहते. शिवाय वेग कमी करण्यासाठी खालचा गिअर टाकला, तर इंजिनाचे फेरे कमी होत नाहीत. आणि आमच्या जीपचा पंखा व पाण्याचा पंप दोन्ही इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतात, तेव्हा त्यांचा जोर तसाच राहतो. वरच्या गिअरमध्ये इंजिनाला कुंथत ठेवून चढणारा माणूस मात्र दोन्हीकडून नुकसान करून घेतो. विलंबित लयीला नुसते हळू गाणे समजणारे विद्यार्थी मला रोज भेटतात. वेग कमी ठेवून आतला जोर न सोडणे हे गळ्याला जितके शिकवावे लागते, तितकेच चालविणाऱ्याच्या पायालाही.

मोटारीच्या इतिहासात हा धडा फार लवकर मिळाला होता. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ या बाईंनी नवऱ्याची तीन चाकी मोटार काढली आणि दोन मुलांना घेऊन जर्मनीतील मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी गेल्या. अंतर शंभर किलोमीटरच्या थोडे वर. त्या गाडीला आजच्यासारखा रेडिएटर नव्हता. पाणी उकळून वाफ होऊन जाई, आणि वाटेतील ओढे, विहिरी पाहून पुन्हा पुन्हा भरावे लागे. चढावर मुलांनी खाली उतरून गाडी ढकलली. उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा बाईंनी वाटेतल्या चांभाराकडून त्यांवर कातडे ठोकून घेतले. परत आल्यावर त्यांनी नवऱ्याला चढासाठी आणखी एक खालचा गिअर बसविण्यास सांगितले, आणि कार्ल बेंझने तो बसविला. पाणी, गिअर आणि ब्रेक : घाटातील तिन्ही प्रश्न त्या बाईंना एका प्रवासात भेटले. आज जिला आपण रेडिएटरची जाळी म्हणतो, ती विल्हेल्म माइबाखने १९०१ च्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीझला दिली. सहा सहा मिलिमीटरच्या ८,०७० चौकोनी नळ्या एकत्र जोडून त्याने मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी केली होती. पाणी थोडे पण हवेला भिडणारा पत्रा पुष्कळ, ही युक्ती तेव्हापासून मुळात बदललेली नाही.

आपल्या शहराने तर याच्या पुढच्या मोटारी पाहिल्या. महाराजा यशवंतराव होळकरांची ड्युसेनबर्ग आजही जगातील मोटारशौकिनांच्या तोंडी आहे. तिच्या जाळीची चिंता करायला दरबारी माणसे होती. आम्हाला शेजारचे काका.

काकांनी प्रथम काय केले, तर जीपच्या काट्यावर मुळीच विश्वास ठेवला नाही. पुष्कळ गाड्यांच्या काट्यावर अंश नसतात. एका टोकाला निळे, दुसऱ्या टोकाला तांबडे. पाणी बरेच तापले तरी काटा मध्यावरच रेंगाळतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून वरच्या नळीत, जेथून गरम पाणी रेडिएटरमध्ये शिरते तेथे, अंश दाखविणारे एक साधे मापक बसवून घेतले. मग एप्रिलच्या एका दुपारी, हवा ४० अंशांवर असताना, ट्रेलरमध्ये पाण्याची पिंपे भरून ७०० किलोचे वजन केले आणि मंडलेश्वराकडून घाट चढू लागलो. मुले नव्हती; त्यांच्या वजनाची गव्हाची पोती होती. घाटाचा तिसरा हिस्सा चढलो नाही तो आकडा १०८ वर गेला आणि थांबण्याचे नाव घेईना. काका म्हणाले, "बस्. बाजूला घे." इंजिन मंद चालू ठेवून गाडी उभी केली. झाकणाला कोणी हात लावला नाही. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडणे म्हणजे तोंडावर वाफ घेणे. दर उन्हाळ्यात कोणीतरी त्याने भाजतोच, म्हणून मुद्दाम लिहितो.

येथपर्यंत पाहिले तर गराजवाल्यांचेच खरे ठरत होते. भाऊ तर पैसे काढायलाच निघाला. पण काकांचे म्हणणे असे, की या आकड्याने रेडिएटर लहान आहे हे सिद्ध होत नाही. तो आपले काम करीत नाही एवढेच सिद्ध होते. या दोहोंत फार अंतर आहे.

रेडिएटर उतरवून जुन्या रेडिएटरवाल्याकडे नेला. आमचा तांब्या-पितळेचा, झाळलेला. असे रेडिएटर वरची टाकी उघडून साफ करता येतात. टाकी उघडताच नळ्यांची तोंडे दिसली आणि त्यांतील जवळजवळ तिसरा हिस्सा पांढऱ्या थराने बुजलेला निघाला. गाडीचा पूर्वीचा मालक शेतावर राहणारा. बोअरिंगचे पाणी ओतीत असला पाहिजे. आपल्याकडील जड पाण्याने गिझरच्या सळीवर, चहाच्या पातेल्यात जो थर बसतो तोच हा. तो एक तर पाण्याची वाट अडवितो आणि शिवाय पाणी व पितळ यांच्या मध्ये पांघरुणासारखा बसतो. बाहेरच्या बाजूला पातळ पत्र्याच्या घड्यांमध्ये माती, गवत आणि मेलेले किडे अडकून हवेची वाट निम्मी बंद झाली होती. नळ्यांत सळी घालून त्या मोकळ्या केल्या, बाहेरून मागच्या बाजूने पाण्याचा हलका फवारा मारून घड्या धुतल्या. जोराचा फवारा मारला तर त्या घड्या दुमडून आहे ती वाटही बंद होते.

मग पंखा. पंख्याभोवती पत्र्याची एक कड असते, तिला मिस्त्री लोक श्राउड म्हणतात. आमच्या जीपची ती कधीतरी कोणीतरी काढून टाकलेली होती. तिचे काम असे, की पंख्याने ओढलेली हवा साऱ्या जाळीतून यावी. ती नसली की पंखा आजूबाजूचीच गरम हवा घुसळत बसतो. मोकळ्या रस्त्यावर गाडीच्या वेगानेच वारा जाळीतून जातो, तेथे हे जाणवत नाही. घाटात वेग वीस-बावीसचा. तेथे सारा भरवसा पंख्यावर. आणि म्हणूनच, काकांच्या मते, चार ओळींचा जाड रेडिएटर घालून कड न बसविणे म्हणजे पैसे नर्मदेत टाकणे. जाळी जितकी जाड, तितकी हवा ओढायला अवघड. शिवाय पहिल्या ओळीवरून गेलेली हवा गरम होऊनच दुसरीकडे जाते, तिसरीला आणखी गरम हवा मिळते. चौथ्या ओळीच्या वाट्याला फार थोडे काम उरते. ओळी दुप्पट म्हणजे निववण्याची शक्ती दुप्पट, असा हिशेब होत नाही.

थर्मोस्टॅटची गोष्टही येथेच सांगतो. इंजिनाच्या तोंडाशी ही एक लहानशी झडप असते. पाणी ठरावीक अंशांपर्यंत तापले की ती उघडते आणि पाणी रेडिएटरकडे सोडते. आपल्याकडे गाडी तापू लागली की ती झडप काढून फेकून देण्याची रीत पडली आहे. "काढून टाका, पाणी मोकळं वाहील," असे सांगतात. त्याने थंडीत इंजिन धड तापत नाही आणि लवकर झिजते, हा एक तोटा. दुसरा तोटा अधिक लबाड आहे : काही इंजिनांत हीच झडप उघडताना पाण्याची आडवाट बंद करते. ती काढली की बरेचसे पाणी रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनात शिरते, आणि थंड करण्यासाठी केलेल्या उपायाने गाडी अधिक तापते. आमची झडप काकांनी स्वयंपाकघरातील पातेल्यात, तापमापकासह, उकळत ठेवून पाहिली. ८२ अंशांना तिने तोंड उघडले. ठीक होती, परत बसविली. ते पातेले मात्र काकूंनी पुन्हा स्वयंपाकाला घेतले नाही.

पाण्याविषयीही थोडे. रेडिएटरचे झाकण नुसते झाकण नसते. आतला दाब साधारण ०.९ बारपर्यंत वाढू द्यावा आणि त्यानंतर सोडावा, असा त्यात स्प्रिंग असतो. दाब वाढला की पाण्याची उकळी पुढे जाते. साधे पाणी त्या दाबाखाली ११८ अंशांच्या सुमारास उकळते, आणि त्यात निम्मे ग्लायकोल मिसळले तर १२५ च्या आसपास. म्हणजे स्प्रिंग मेलेले स्वस्त झाकण पंधरा-वीस अंशांचे संरक्षण गुपचूप घालवून बसते. ग्लायकोल हे खरे तर थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून आले. उष्णता वाहून नेण्यात ते पाण्याहून कमीच पडते. पण उकळी पुढे ढकलते आणि त्यातील औषध धातूला गंजू देत नाही. माळव्यात पाणी गोठण्याचे भय नाही, तरी मिश्रण घालावे, आणि त्यातील पाणी थराचे म्हणजे बोअरिंगचे नसावे. झाकण नवे, पट्टा नवा, मिश्रण नवे. या साऱ्याला आलेला खर्च चार ओळींच्या रेडिएटरच्या चौथ्या हिश्श्याहून कमी.

दुसऱ्यांदा घाट चढलो तेव्हाही हवा ४० अंश, वजन तेच, दुसरा गिअर, वेग बावीसच्या आसपास. आकडा हळूहळू ९७ वर गेला आणि तेथे थांबला. माथ्यापर्यंत हलला नाही. मी तो पुन्हा पुन्हा पाहत होतो. काका मात्र खिडकीबाहेर पळसाची झाडे पाहत होते.

आता प्रश्न ३१ मेचा. निमाडात त्या दिवसांत पारा ४५ च्या पुढे जातो, हे सर्वांना ठाऊक आहे. ४० अंशांवरच्या परीक्षेवरून ४५ चे कसे सांगावे? याचे उत्तर फार सोपे आहे आणि मला ते सर्वांत उपयोगाचे वाटले. झडप पूर्ण उघडली असेल आणि काम तेच असेल, तर पाणी आणि हवा यांतील अंतर कायम राहते. आमचे अंतर ५७ अंश आले. हवा पाच अंशांनी वाढली की पाणीही पाच अंशांनी वाढेल : १०२. उकळी १२५ ला. मध्ये २३ अंशांची जागा. उलट रात्री दहानंतर हवा ३३ वर उतरली तर पाणी नव्वदीच्या घरात राहील. म्हणजे दुपारी चारऐवजी रात्री निघणे हाच बारा अंशांचा रेडिएटर आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत. जानेवारीच्या रात्री १५ अंशांच्या हवेत तर तीच जाळी मेच्या दुपारच्या मानाने दीडपटीहून अधिक उष्णता सोडू शकते.

आम्ही मोठा रेडिएटर घेतला नाही.

पण कोणी हे वाचून सगळ्याच मोठ्या रेडिएटरांना निकालात काढू नये. ट्रेलर १,२०० किलोचा असता, किंवा भर दुपारी चाळीसच्या वेगाने चढण्याची निकड असती, किंवा साफ करूनही आकडा ११० च्या पुढे गेला असता, तर मी कर्ज काढून नवा बसविला असता. वर्षातून दोनदा नव्हे, रोज भार ओढणाऱ्याचा हिशेब वेगळा. ज्यांच्या गाडीत आपोआप बदलणारे गिअर आहेत त्यांचाही वेगळा. तेथे चढावर गिअरपेटीतील तेलच आधी तापते, आणि त्या तेलासाठी वेगळी लहान जाळी बसविणे हे इंजिनाच्या रेडिएटरपेक्षा अधिक गरजेचे ठरते. आणि ज्यांच्या गाडीच्या पुस्तकात ट्रेलर ओढू नये असे छापलेले आहे, त्यांना कोणताही रेडिएटर ती परवानगी मिळवून देत नाही. चौकट, क्लच, मागचा आस आणि ब्रेक हे सारे त्या एका ओळीत आलेले असते.

ब्रेकवर मला विशेष सांगायचे आहे, कारण मोठ्या रेडिएटरची चर्चा करताना आमच्यापैकी कोणीही त्यांचे नाव काढले नव्हते. रेडिएटरची परीक्षा येताना होते. ब्रेकची जाताना, आणि ती आधी येते. राऊहून खलघाटाकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर गणपती घाटात उतारावर ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांचे अपघात आपण वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांत वाचले. गाडी वाफाळली तर माणूस बाजूला उभा राहू शकतो. ब्रेक गेले तर ती मुभा नसते. आमच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नव्हते. ७०० किलोचा तो भार उतारावर पूर्णपणे जीपच्या ब्रेकवर येणार होता. तेव्हा वाचलेले पैसे तेथे घातले : गाडी मंदावली की ट्रेलर पुढे दाबला जातो आणि त्या दाबानेच त्याचे ब्रेक लागतात, अशी जोडणी एका कारखान्यातून करून घेतली. भाऊ म्हणाला, "दादा, म्हणजे खर्च तेवढाच झाला की." तेवढाच झाला.

सामान लावण्यातही शास्त्र आहे. ट्रेलरच्या एकूण वजनाचा सुमारे दहावा हिस्सा जोडणीच्या खुंटीवर यावा, असे लावावे. सारे जड खोके मागे लोटले तर खुंटी हलकी होते आणि उतारावर ट्रेलर शेपटीसारखा झोके घेऊ लागतो. म्हणून मंचाच्या फळ्या आणि बॅटरी चाकांच्या किंचित पुढे, सतरंज्या मागे. महेश्वरला भाड्याने मिळू शकतात ते ध्वनिक्षेपक शेवटी आम्ही नेलेच नाहीत. ट्रेलर शंभर किलोंनी हलका झाला. हा विचार सर्वांत आधी करावा असे मी सांगेन. न नेलेले सामान कोणत्याही रेडिएटरपेक्षा गार असते.

तंबोरे मात्र ट्रेलरमध्ये घालावयाचे नाहीत, हे पहिल्यापासून ठरले होते. दोन्ही वडिलांचे, मिरजेचे. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचे आम्हाला फार कौतुक. पण ज्याच्या घरी मिरजेचा जुना भोपळा आहे त्याला मानांकनाची वाट पाहावी लागली नव्हती. बंद पत्र्याच्या ट्रेलरमध्ये मेच्या उन्हात जी धग साठते, तिने सरस सुटतो आणि भोपळ्याला तडा गेला तर तो जोडलेला भोपळा पुन्हा तसा बोलत नाही. वडील सांगत, दरबारचा मुक्काम हलला की तंबोऱ्यांसाठी एक स्वतंत्र माणूस असे आणि तो रात्री चाले. आमच्याकडे तंबोरे मुलांच्या मांडीवर जातात. त्यासाठी दोन मुलांची जागा गेली; त्यांना त्यांच्या पालकांनी बसने आणले.

उतरलो पहाटे. दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाच्या ओढीवर, ब्रेकला मधून मधून स्पर्श करीत. ट्रेलरच्या नव्या जोडणीने पहिल्या वळणावर एक हिसका दिला, नंतर शहाण्यासारखी चालली. दुपार एका वाड्यात गार फरशीवर काढली. हजेरी सायंकाळी झाली. रात्री जेवणे उरकून साडेदहाला निघालो. घाटाच्या पायथ्याशी मापकाचा आकडा ८५, पहिल्या मोठ्या वळणानंतर ८८, आणि मग माथ्यापर्यंत ९० च्या आगेमागे. मागच्या बाकावर कोणी बोलत नव्हते. मुले तंबोरे कवटाळून झोपी गेली होती. भाऊ तेवढा जागा, दर वळणाला मला आकडा विचारीत होता.

जामदरवाजाशी गाडी उभी केली. चढ चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नये. बंद केले की पंप थांबतो आणि तापलेल्या लोखंडाची धग साचलेल्या पाण्यात एकदम उतरते. पाच मिनिटे ते मंद चालू ठेवले. काका खाली उतरले, ट्रेलरच्या दोन्ही चाकांच्या मध्यावर हात लावून पाहिला, डावे चाक उजव्यापेक्षा थोडे अधिक तापले आहे म्हणाले, आणि सोमवारी त्याचा ब्रेक सैल करून घेण्यास सांगून पुन्हा येऊन बसले.